हरिसिंग आचाऱ्यानं घेतलेला चेक

बँकेतल्या पोरीनं चेक उलटा केला, सुलटा केला अन् काचेखालून परत सरकवला. म्हणे, "काका, याची मुदत संपली. तीन महिनेच चालतो चेक. तारीख अकरा फेब्रुवारीची आहे, आज वीस मे."

माझा भाऊ हरिसिंग म्हणे, "पण मॅडम, साहेबच म्हणले होते का मी फोन करतो तवाच टाक. काल रात्री आला त्यायचा फोन. म्हणले, आता टाक."

"ते तुमचं तुम्ही बघा. नवीन घ्या." मग तिले दया आली वाटते. हळू आवाजात बोलली, "मुदतीत टाकला असता आणि परत आला असता, तर चेकची केस तरी करता आली असती काका. आता तीही नाही."

हे महागावात झालं, सकाळी साडेअकराले. दुपारी तीनले माझा भाऊ उमरखेडच्या बस स्टँडवर मेला. मधल्या वेळात मी एकटी त्याच्यासंग होती. म्हणून मलेच सांगा लागते.

आमच्यात मोठ्या भावाले भिया म्हणतेत. भिया आचारी होता. आमच्या तांड्यातून लग्नाचा स्वयंपाक धरणारा पयलाच. पाचशे माणसाची भाजी चाखत नव्हता, वासावर मीठ सांगे. मी चमचा घेऊन गेली का हासे, "संगे, चाखून मीठ टाकाचं तर मंग लोक मले कायले बोलावतेत, तुलेच बोलावतीन." तांड्यातल्या चौदा बाया त्याच्यासंग पुऱ्या लाटाले जात. त्यायची मजुरी तो भट्टी विझाच्या आधी हातावर ठेवे. तीस वर्षात एकदा चुकला नाई. चुकला तो या एका लग्नात.

लग्न श्रीकृष्ण साहेबाच्या मोठ्या पोरीचं, भैरवीचं. साहेब मोठ्या हापिसातून रिटायर झालेले, उमरखेडात बंगला. आमच्या धंद्यात रीत हाये, घरधनी नारळ देते, मंग आचारी नारळ फोडते अन् भट्टी पेटवते. एकदा पेटली का आचारी पंगत उठेपर्यंत भट्टी सोडून जात नाई, घरी कोणी मेलं तरी नाई. म्हणून पैशाचं जे बोलाचं ते नारळाच्या आधी. भियानं तसंच इचारलं. साहेबानं नारळासंग बेचाळीस हजाराचा चेक देल्ला. भियाले जिंदगीत कोणी चेक देल्ला नव्हता. त्यानं तो कपाळाले लावला. मले दाखवून म्हणे, "पाह्य, माह्यं नाव लिहेल हाये. श्री बी लावलं साहेबानं."

साहेब म्हणे, "फक्त मी सांगेन तेव्हा टाक. चेक तुझ्याजवळ म्हणजे पैसे तुझ्याजवळच की."

मार्च गेला. "थोडं थांब, एफडी सुटायची आहे." एप्रिल गेला. "जावई आलेत घरी, आत्ता नको विषय." चौदा बाया काही बोलत नव्हत्या, पण भिया त्यायच्या घरावरून जाचं टाळे, नाल्याकून फिरून जाये. मी म्हणलं, टाकून दे ना रे बँकेत. तर मलेच रागावला. "शब्द देल्ला मी त्यायले. न सांगता टाकला तर काय म्हणतीन, तांड्यातला माणूस, धीर नाई."

अन् साहेबानं फोन कवा केला? मुदत सरल्यावर आठ दिवसानं. चाळीस वर्ष कागदं तपासणाऱ्या माणसाले तीन महिने माहीत नाईत? कोणी म्हणन चुकून झालं. मी नाई म्हणणार.

बँकेतून आम्ही सिध्धे उमरखेडची यष्टी धरली. बंगल्यावर साहेब पडवीत बसले होते. आमाले पायरीवर बसवलं. चेक चष्मा लावून पाह्यला अन् म्हणे, "अरे हरिसिंग, तारीख कोणी पाहायची? चेक तुझ्याकडे होता ना?"

"तुमीच म्हणले होते साहेब."

"मी म्हटलं थांब. महिने मोजू नको असं म्हटलं का?" अन् हासले. पोरगा सलील दारात उभा होता, तोही हासला. "दुसरा देतो. पण चेकबुक संपलंय, मागवलंय. पुढच्या महिन्यात ये. आठ जूनला धाकटीचा साखरपुडा आहे, त्यानंतर ये."

भिया म्हणे, "साहेब, माह्यं राहू द्या. बायायचे सात हजार तरी हातात द्या."

"मी देईन तर सगळे एकदम देईन. असं तुकड्या-तुकड्यात मला आवडत नाही."

चहा आला होता. भियानं पेला तसाच ठेवला. स्टँडवर बाकड्यावर बसला, म्हणे, "संगे, पाणी आण." मी बाटली घेऊन येतो तर मान खाली पडेल. लोकायले वाटलं झोपला.

चौदाच्या चौदा बाया मयताले आल्या. एकीनंबी पैशाचं नाव काढलं नाई. म्हणून वहिनी, धनीबाई, जास्त रडली. मले म्हणे, "भांडल्या असत्या तर बरं झालं असतं वो."

मी रडली नाई. माह्यं ध्यान आठ जूनवर होतं.

साखरपुड्याचं काम खेमसिंगनं धरलं होतं. खेमसिंग महागावचाच आचारी, भियाचा वीस वर्षाचा दुश्मन. एकमेकाचे गिऱ्हाईक पळवत. मी त्याच्या घरी गेली.

"तुहा भिया मले शेण्या थापणारा म्हणे," खेमसिंग बोलला. "माह्या जिलेबीवरून."

"जिलेबी तुही तशीच असते. पण साहेब तुलेबी चेकच देईन."

त्यानं मले बसाले पाट देल्ला. मंग म्हणे, "एकदा भट्टी पेटली का मी उठत नाई बाई. जे करू ते नारळाच्या आधी."

आठ जूनले सकाळी मी चौदा बाया घेऊन गेली. कणीक मळली, भाज्या चिरल्या, कढईत तेल ओतलं. दहा वाजता नवरदेवाकडचे गाडीतून उतरून राह्यले होते. साहेब नवं धोतर नेसून नारळ घेऊन आले. खेमसिंगनं हात मागं घेतले.

"आधी हरिसिंगचे बेचाळीस हजार. मंग माह्ये. मंग नारळ."

साहेबानं मले पाह्यलं अन् वळखलं. "अगं, हे काय? घरी शुभकार्य आहे. चेक लिहून देतो आत्ता."

मी म्हणलं, "चेकबुक आलं वाटते."

बाया हासल्या. सलील मोबाईल काढून म्हणे, "नंबर सांगा, टाकतो." मी म्हणलं, "ज्याचा नंबर तुमच्याजवळ होता तो मेला. हातात द्या. नोटा."

"पाहुण्यांसमोर तमाशा करू नका," साहेब बोलले.

"आमी कुठं बोलून राह्यलो साहेब? आमी तं बसलो हावो." चौदा बाया लाटणं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवरीची होणारी सासू मांडवाच्या दाराशी आली अन् इचारलं, "भट्टी अजून पेटली नाही का हो?" साहेबानं सलीलले बाजूले नेलं. ज्या पोरीचा साखरपुडा, मधुवंती, तिनं खिडकीतून पाह्यलं. तिचा काही दोष नव्हता. तरी मले दया आली नाई. खोटं कायले सांगू.

अर्ध्या तासात सलील नोटा घेऊन आला. मी तिथंच बायायची मजुरी वाटली, एकेकीच्या हातावर, भिया ठेवे तशी. बाकीचे वहिनीचे माह्या पदरात बांधले. मंग खेमसिंगनं आपले मोजून घेतले अन् नारळ फोडला.

आचारी, मंडपवाले, बँडवाले, सगळ्यायले सांगतो. वळखीचा असो, मोठा असो, नावाले श्री लावो, चेक घेऊ नका. घेतलाच तर त्याच दिवशी बँकेत टाका, त्याच्या फोनची वाट पाहू नका. मायावाल्या भावाले लाज वाटली, ती तुमी ठेवू नका.

पंगती झाल्या. पुऱ्या चांगल्या फुगल्या होत्या, पाहुणे मागून मागून खात होते. घरचे आखरीले बसले. साहेबानं ताट पुढं केलं अन् आवाज देल्ला, "पुऱ्या आणा इकडं."

माह्या बाजूले टोपलं होतं, अर्ध्याच्या वर भरेल, अजून गरम. मी त्याच्यावर फडकं टाकलं.

"साहेब, पुऱ्या सरल्या," मी म्हणलं.

त्यानं टोपल्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. मंग भात कालवून खाल्ला. टोपलं आमी टेम्पोत घेतलं अन् तांड्यावर येईपर्यंत सगळ्या बायायनं खाल्लं.