दोन कविता आणि एक होकार

अख्ख्या लालबागात माझ्या मावसभावाइतका अस्वस्थ प्राणी शोधूनही सापडायचा नाही. चहा तो उभ्यानं पितो, पेपर येरझाऱ्या घालत वाचतो आणि चाळीच्या गॅलरीत त्याच्याशी बोलायचं तर आपल्यालाही सोबत चालावं लागतं. लोअर परळला बरी नोकरी, वय अडतीस, आणि लग्न नाही. कारण काय, तर दोन कविता. शाळेच्या पुस्तकातल्या, जुन्या. एकीत प्रियकर दूर गेलेल्या प्रियेसाठी झुरून अर्धा होतो. दुसरीत नवरा दिवसभर राबलेल्या बायकोचे पाय चेपत बसतो. यातलं खरं प्रेम कुठलं, यावरून या गृहस्थानं वीस वर्षं आमचं डोकं पिकवलंय.

बरं, आमचं पिकवावं आणि गप्प बसावं की नाही? हा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला दोन्ही कविता म्हणून दाखवायचा आणि विचारायचा, "तुम्हाला कुठली पटते?" एक बिचारी घाबरून "मला स्वयंपाक येतो" एवढंच म्हणाली. कुणी झुरणारा निवडला की हा म्हणे, हिला संसार नकोय. पाय चेपणारा निवडला की म्हणे, हिला नोकर हवाय. मावशीनं तर हात टेकले होते.

मग गिरगावातली एक शिक्षिका भेटली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन्हीकडे तोच बोलतोय. ती काय म्हणते?"

आमच्यात मुलाकडच्यांनी आठ दिवसांत काय ते कळवायचं असतं. हा मात्र घरी येऊन ओळ न् ओळ तपासत बसला. मावशी रोज विचारायची, "अरे, काय कळवू त्यांका?"

"थांब गं, दुसरीचं शेवटचं कडवं राहिलंय."

"मेल्या, कडवां थांबात, गिरगावचां चेडू थांबूचां नाय."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. मला घेऊन साहेब स्वतः होकार द्यायला गिरगावात गेले. दार तिनंच उघडलं.

"तुमचंच बरोबर होतं," हा उंबऱ्यातूनच म्हणाला.

ती जरा हसली. "माझं लग्न ठरलं हो परवा. आठ-दहा दिवस वाट बघितली मी. मग म्हटलं, नसेन आवडले."

परतताना भायखळ्यापर्यंत चालत आलो. मला त्याचा संताप आला होता आणि फार वाईटही वाटत होतं. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "ती बरोबर आहे हे कळायला तीन आठवडे लागतात का रे?"

"ते कळायला लागले," तो म्हणाला. "आवडली तर ती त्याच दिवशी होती."