मार्था सिस्टरांची मोटरसायकल

मार्था साळवे पारनेर तालुक्यात नर्स होत्या. तीस वर्षं त्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवरून वाड्या-वस्त्यांवर लसी टोचायला जात. निवृत्तीनंतरही त्यांनी गाडी विकली नाही. यंदा मात्र ती चालू होईना. पन्नास किका मारल्या की एकदा फुरफुरायची आणि बंद पडायची.

मेकॅनिक मार्तंडभाऊंनी नवा प्लग टाकला, कार्बोरेटर साफ केला, आणि शेवटी हात टेकले. "सिस्टर, लई जुनी झाली ही. भंगारात द्या आता."

"जुनी तर मीपण झालेय," सिस्टर हसल्या. "जरा मला बघू द्या."

त्यांनी प्लग काढला. तो ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. मग प्लग पुसून इंजिनाला टेकवला आणि मार्तंडभाऊंना किक मारायला सांगितली. ठिणगी पडली, पण पिवळी, मलूल. प्लग तर नवा होता. म्हणून सिस्टरांनी बाजूचं झाकण उघडलं. ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट काळे पडले होते. पॉलिश पेपरनं घासून त्यांनी ते स्वच्छ पुसले. आता ठिणगी निळी पडली.

तिसऱ्या किकला गाडी धडधडू लागली. मार्तंडभाऊ ओशाळून म्हणाले, "पॉइंट बघायचं माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

"चहा घेऊनच जा," सिस्टर म्हणाल्या.

रविवारी चर्चमधून त्या परस्पर राळेगणसिद्धीला मैत्रिणीकडे गेल्या. येताना रस्ता मोकळा होता, म्हणून मुद्दाम लांबच्या वाटेनं आल्या.