काकांची दस्ती

आज पहाटे लेकीला गाडीत बसवायला नांदेड स्टेशनवर गेले होते. तिची जागा मोबाईलवरच पक्की झालेली, तरी मी खिडकीच्या गजांतून तिच्या बाकावर दस्ती टाकली.

"आई, आता कोण असं करतं?"

मी करते.

खांद्यावर टाकायचा हा मोठा रुमाल माझ्या काकांचा. मी अठरा वर्षांची होते. याच फलाटावर लातूरच्या गाडीला मरणाची गर्दी होती आणि मला नर्सिंगला प्रवेश घ्यायला जायचं होतं. वडील नव्हते, घरात काकांचा शब्द चालायचा. ते बिलोलीहून धापा टाकत आले, तोंडाला तंबाखूचा वास.

"वहिनी, पोरीला बघायला पाहुणे यायलेत. चला घरी."

आईनं कधी दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. रेल्वेचं तिला काही ठाऊक नव्हतं, पण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात हे ठाऊक होतं. तिनं काकांच्या खांद्यावरची दस्ती ओढली आणि आत फेकली.

"जागा धरली. जाय, बस."

गाडी हलली तरी काका रिकाम्या खांद्यावर हात ठेवून उभेच. तेव्हा मी शरमेनं खाली बघत बसले. आज वाटतं, आईकडं डोळे भरून बघायला हवं होतं.

पुढं काकांनी दस्ती मागितली की आई म्हणायची, "पोरगी कामाला लागली की देईल." नोकरी लागून पंचवीस वर्षं झाली. मी दिली नाही.

परवा काकांचा निरोप आला, माझ्या लेकीसाठी पाहुणे बघितलेत म्हणून. तेव्हाच दस्ती पेटीतून काढली.