चौथ्या मजल्यावरचं दूध

नारायणगुड्यात आमची दीड खोली होती. वडील गेल्यानंतर आई आणि मी तिथेच राहत होतो. आई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली, मला ऑफिसात बढती मिळाली आणि मी ठरवलं, आता लिफ्ट असलेल्या घरात राहायचं. कुकटपल्लीच्या पुढे एका बाजूला अजून खडक फोडतात आणि दुसऱ्या बाजूला वीस-वीस मजले उभे राहतात, तिथे एक फ्लॅट मला फार आवडला. चौथा मजला, दोन बेडरूम, आईच्या खोलीला स्वतःची बाल्कनी. समोरचा रस्ता व्हायचा होता, पण महागड्या कॉफीचं दुकान मात्र आधीच येऊन बसलं होतं.

त्याआधी तीन घरं हातची गेली होती. दर वेळी गोष्ट "आप लोगां कौन?" इथवर यायची, मी खरं काय ते सांगायची आणि दुसऱ्या दिवशी ब्रोकरचा फोन यायचा की मालकाचा भाचा अमेरिकेहून परत येतोय. तीन मालक, तीन भाचे. चौथ्या वेळी ब्रोकरच वैतागला. म्हणाला, "मॅडम, मराठी बोलो बस. आगे कुछ नक्को बोलो."

या फ्लॅटचे मालक खालच्याच मजल्यावर राहायचे. रिटायर्ड तेलुगू गृहस्थ, बोलायला गोड. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. ते ऐकून अंकल खूश झाले. "मराठी ब्राह्मिन्स! बहुत अच्छा." मी हसले. खोटं एक अक्षर बोलले नाही, नुसती हसले, असं मी परतताना कॅबमध्ये स्वतःला बजावत होते. बौद्ध घरातली, शिकलेली, मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प करणारी मी, आणि एका बाल्कनीसाठी हसून मोकळी झाले. आईला यातलं काही सांगितलं नाही.

राहायला गेलो त्या सकाळी टेम्पो खाली उभा होता. सामान चढवायच्या आधी आंटी, म्हणजे मालकीणबाई, नवं पातेलं, चार पेले आणि दूध घेऊन वर आल्या. इकडे नव्या घरात आधी दूध उतू घालवतात, त्याशिवाय कोणी राहायला येत नाही. भाडेकरूसुद्धा नाही. आंटींनी शेगडीला हळद-कुंकू लावलं, आईच्या हातानं गॅस पेटवला, हात जोडले आणि सहज विचारलं, "मी गोत्रम?" तुमचं गोत्र कोणतं?

अंकल दारात उभे होते. खरं सांगते, त्या क्षणी मी एखादं गोत्र आठवायचा प्रयत्न करत होते.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तीस वर्षं वॉर्डात घालवल्यामुळे तिचं तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं आहे. ती शांतपणे म्हणाली, "माकु गोत्रम लेदु अम्मा. मेमु बौद्धुलम." आम्हाला गोत्र नाही, आम्ही बौद्ध आहोत.

अंकलचा चेहरा उतरला. आंटी काही बोलणार तेवढ्यात दूध उतू गेलं. दोघं नवरा-बायको एकदम शेगडीकडे पाहायला लागले. मग आंटी हळूच अंकलना म्हणाल्या, दूध तर उतू गेलं, आता यांना परत पाठवलं तर घराला चांगलं नाही.

मी सुटकेचा श्वास सोडला. आईने मात्र गॅस बंद केला. "दुधाला भिऊन ठेवू नका," ती त्यांना तेलुगूतच म्हणाली. "आम्ही चालत असलो तर ठेवा." माझ्याकडे वळून म्हणाली, "टेम्पोवाल्याला सांगते, सामान सोडू नको म्हणून." आणि लिफ्टची वाटसुद्धा न पाहता गुडघेदुखीची माझी आई जिन्यानं खाली निघाली. तिचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही.

मी चावी ओट्यावर ठेवली. म्हटलं, "अंकल, उस दिन मेरेकु बोलना था. नहीं बोली, मेरी गलती."

अंकलनी चावीकडे पाहिलं, मग आंटींकडे. शेवटी म्हणाले, "रहो, अम्मा. लेकिन बिल्डिंगमें किसीको बोलो नक्को."

एका दमात हो म्हणता आलं असतं. बाल्कनी समोर दिसत होती. मी म्हटलं, "कोई पूछा तो बोलूंगी, अंकल."

आंटींनी चावी उचलली, माझ्या हातात दिली आणि पातेल्यातलं उरलेलं दूध पेल्यांत ओतायला लागल्या. चार पेले होते. अंकलनी एक घेतला.

मी धावत खाली गेले. आई टेम्पोला टेकून उभी होती. काय काय बोलणं झालं ते मी तिला सांगितलं, माझं शेवटचं वाक्य तर जरा फुशारकीनंच. आई म्हणाली, "पुसल्यावर तर कुणीबी सांगंल. उतरव ते कपाट."

संध्याकाळी मला बिल्डिंगच्या ग्रुपमध्ये घेतलं. मी लिहिलं: चौथ्या मजल्यावर नवीन, आई आणि मी, मराठी बौद्ध कुटुंब. वीस मिनिटं मी फोन हातात धरून बसले. मग दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, पाण्याचा टँकर आला का?

मी आईच्या बाल्कनीतून वाकून पाहिलं आणि लिहिलं, आला.