कुंकवाआधीचा प्रश्न

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी इराला घेऊन शेजारच्या तंजावरी मराठी काकूंकडे गेले होते, नवरात्रातला गोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास बघायला. माझी लेक इरा सोळा वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. अचानक झालेला स्पर्श तिला सोसत नाही.

काकू कुंकू लावायला वाकल्या, तशी ती भिंतीला जाऊन टेकली. "आता घरी," म्हणाली. खरं तर सकाळपासून बाहुल्या बघायला तयार होऊन बसली होती.

मी काकूंना कारण सांगितलं. त्यांनी कुंकवाचा करंडा तिच्यापुढे धरला. "कण्णा," त्या तमिळमधल्या लाडाच्या हाकेने म्हणाल्या, "तूच लावून घे."

इराने लावलं आणि बाहुल्यांसमोर मांडी घातली.

मग काकू माझ्याकडे वळल्या. "तुला लावू का गं?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. फार बरं वाटलं. तुम्हाला विचारतं का कुणी?