सिस्टरांनी न पाहिलेला भाग

सिस्टर टीव्हीवरच्या माणसांचे आजार ओळखायच्या. समोरच्या लाकडी खुर्चीत बसून, चष्मा कपाळावर चढवून, नुसत्या नजरेनं. मालिकेतली थोरली सून चिडली की म्हणायच्या, "हिच्या डोळ्याखाली बघा. रक्त कमी हाय. लोहाच्या गोळ्या चालू करा, घरातली भांडणं आपोआप बंद हुतेत." त्याच मालिकेतल्या सासऱ्याला झटका आला तेव्हा आमची सगळी गल्ली हळहळली. सिस्टर तेवढ्या हसल्या. "ह्यो उजवी बाजू दाबून राहिला. ॲसिडिटी हाय त्याला."

मी बदली होऊन कुरुंद्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा त्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी गावाच्या लेखी त्या सिस्टरच होत्या. त्यांचे यजमान हयात होते तोवर तेसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचे, असं लोक सांगतात. लेक लग्न होऊन पुण्याला. घरात त्या, टीव्ही आणि डेटॉलचा वास.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मी डोळ्यानं बघितलंय." या वाक्यापुढं कुणाचं काही चालत नसे. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी जन्मताना पाहिलेलं, त्यामुळे वाद घालणार कोण? सरपंच एकदा कसल्याशा बैठकीत आवाज चढवून बोलायला लागले, तर सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हळू बोल बाळा. जलमला तवा तुला रडाया लावताना माझा जीव गेल्ता." सरपंच बसले.

त्यांच्या गप्पांत सारखं एक नाव यायचं. गयाबाई, गावची दाई. वीस वर्षं दोघींनी मिळून बाळंतपणं केली, आसपासच्या वाड्या-वस्त्या पायी तुडवल्या, एका डब्यात जेवल्या. एका बाळाची गोष्ट सिस्टर हमखास सांगायच्या. बाळ रडेना, हलेना. सिस्टरांनी तपासलं आणि खाली मान घालून रजिस्टरात नोंद केली. इकडे गयाबाईनं बाळाला उलटं धरलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, आणि तिकडे शाई वाळायच्या आत बाळानं टाहो फोडला. "खाडाखोड करावी लागली मला," सिस्टर सांगायच्या. "सायबानं इचारलं, ही लाईन काहून खोडली? म्हनलं, सायेब, मेलेलं जित्तं झालं. आता ते पोरगं ट्रॅक्टर चालवून राहिलं."

एवढं सांगून झालं की चेहरा बदलायचा. "पन उठून गेली. माझ्या लेकीच्या लग्नात, भरल्या पंगतीतून. वाढलेलं ताट तसंच. सात वर्षं झाली, ना फोन ना निरोप. वीस वर्षाची संगत अशी वाऱ्यावर सोडली बाईनं."

"पण का गेल्या, विचारलं नाही का तुम्ही?"

"इचारायचं काय त्यात? डोळ्यानं बघितलं मी."

गयाबाई तोवर वारंगा फाट्याला लेकाकडे राहायला गेली होती. तिथं त्याचं पंक्चरचं दुकान. कुरुंद्याहून स्कूटीवर फार तर पाऊण तास. पण हे अंतर सिस्टरांना सात वर्षांत पार करता आलं नव्हतं.

मग त्यांच्या लाडक्या मालिकेत लग्न आलं. मालिकेत नलिनी आणि हौसा अशा दोन मैत्रिणी होत्या. नलिनी बंगल्यातली, हौसा तिच्या जुन्या चाळीतली. नलिनीच्या मुलीच्या लग्नात हौसा जेवता जेवता अचानक उठली आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. नलिनी दारात उभी राहून रडली. सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "बघा मॅडम! हेच! असंच गेली ती!" त्या दिवसापासून हौसा त्यांच्या लेखी संपली. पडद्यावर आली की त्या आवाज बंद करायच्या आणि नलिनी आली की परत चालू.

मी एकदा सहज म्हटलं की हौसाचा चेहरा उठताना रागीट नव्हता, उतरलेला होता. हे ऐकून सिस्टर भडकल्या. पुरावा हवा होता त्यांना. "लावा तुमच्या मोबाईलात. आत्ताच्या आत्ता लावा."

मी शोधला. मोबाईलवर तोच भाग होता, पण टीव्हीवर दाखवला त्याच्यापेक्षा बराच लांब. मालिकावाल्यांनी वेळेअभावी कापलेले प्रसंग परत जोडून तो टाकला होता. आम्ही दोघी पलंगावर बसून बघू लागलो. पंगतीच्या आधी एक प्रसंग आला, जो आम्ही पाहिलेलाच नव्हता. नलिनीची श्रीमंत विहीणबाई हौसाकडे बोट दाखवून विचारते, "या कोण?" आणि नलिनी, जी दारात उभी राहून रडली तीच नलिनी, पदर सावरत म्हणते, "ही होय? आमच्याकडे कामाला असते." मागे हौसा हातात आहेराची पिशवी घेऊन उभी. तिनं ते ऐकलेलं. नंतर ती पंगतीला बसते, दोन घास खाते आणि उठते.

बस्स, एवढंच. चार-पाच मिनिटांचा तुकडा. पण तो बघितल्यावर सगळं लग्नच पालटलं. दारातलं नलिनीचं रडणं तेच होतं, पण आता ते ऐकवेना. आधी वाटलं होतं की हौसा नलिनीला सोडून गेली. आता दिसलं की नलिनीनं तिला आधीच सोडलं होतं.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या कुणाचाही आजार ओळखत नव्हत्या.

"हे मागून जोडलेलं हाय," त्या म्हणाल्या. "लोकं नावं ठेवायला लागली आसतील, म्हनून घातलं. टीव्हीवर लागलं ते खरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्या ठेवणीतलं इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्या दारात उभ्या. "मॅडम, गाडीत पेट्रोल हाय का? वारंग्याला जाऊन यिऊ."

फाट्यावर ट्रकांच्या रांगेमागे पंक्चरचं दुकान, त्याच्या मागे दोन खोल्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली ताजी फुलं. गयाबाई अंगणात सुपात शेंगा निवडत होती. वाळकी, ताठ, पिकल्या केसांची. सिस्टरांना बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "या सिस्टर. उनाच्या आलाव. पानी देऊ का?" जणू परवाच भेटल्या होत्या.

सिस्टरांनी पाण्याला हात लावला नाही. "गया, त्या दिशी तू पंगतीतून काहून उठलीस?"

गयाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "पोट बिघडलं व्हतं."

"काय?"

"पोट. सकाळपसून कळा मारून राहिल्या व्हत्या. भरल्या मांडवात कुनाला सांगायचं?"

सिस्टर भसकन खाट ओढून बसल्या, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि सुरू झाल्या. "मंग मीठ-साखरेचं पानी घेतलंस का? ताप व्हता का? आगं येडे, मी नर्स हाय का कोन हाय? मला सांगायला काय झाल्तं?" सात वर्षांपूर्वीच्या जुलाबावर त्यांनी तिथं बसून तीन प्रकारच्या गोळ्या सांगितल्या. गयाबाई सगळ्याला "व्हय सिस्टर, व्हय" म्हणत होती. परतताना सिस्टर गाडीवर मागून माझ्या कानात ओरडल्या, "बघितलं? म्हनलं न्हवतं का, मोबाईलातलं सगळं खोटं आस्तंय!"

त्यानंतर गयाबाई दर आठवड्याला बसनं कुरुंद्याला यायची. दोघी मिळून मालिका बघायच्या. म्हणजे सिस्टर बघायच्या आणि गयाबाई भिंतीला टेकून झोपायची. दीडएक वर्ष असं चाललं. मग एका दुपारी सिस्टर त्याच लाकडी खुर्चीत गेल्या. शांतपणे गेल्या, कुणाला नाडी बघायची संधी न देता. लेक पुण्याहून आली, सगळं रीतीप्रमाणे झालं, घराला कुलूप लागलं.

काही दिवसांनी गयाबाई माझ्याकडे आली. चहा झाला. बोलायला फार काही नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "बरं झालं, नुसत्या पोटदुखीवरून झालेला गैरसमज वेळेत मिटला."

गयाबाईनं कप खाली ठेवला. "पोट कशाचं मॅडम. नवरदेवाकडल्या बाईनं इचारलं, ही कोन? सिस्टर म्हनली, आमच्या घरी भांडी घासती. मी मागंच व्हते उभी."

आयुष्यभर 'तुमी' म्हणून बोलवलेल्या बाईविषयी गयाबाई माझ्यासमोर पहिल्यांदा एकेरीत बोलत होती, आणि आवाजात राग नव्हता.

"मग त्या विचारायला आल्या तेव्हा सांगायचं होतं. त्यांना कळायला तरी हवं होतं."

"काय कळायचं ऱ्हायलं व्हतं?" गयाबाई म्हणाली. "म्हाईत नसतं, तर सात वर्षानं, उनाची, इस्त्रीचं लुगडं नेसून इचारायला आली असती व्हय ती?"