गाडी थंड केली त्या दिवशी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या हिटरची अडकलेली दांडी सोडवणं. सकाळी ती सुटली आणि त्याच दुपारी सुगंधा, माझी बायको, गेली. भेटायला येणारे विचारतात, शेवटी काय बोलली? मी सांगतो, "आता ह्यात तेल घालू नका," असं बोलली. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण बोलली तेच, मी काय करू... नंतर जेवताना मीठ मागितलं असेल, ते काय मी धरत नाही.

मी चौथी शिकलेला. भिवंडीजवळ शेलारला घर, घराला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना, तिथंच आयुष्यभर जॉबर होतो. म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा. गाडी जुनी, एसी नाही. समोर एक दांडी, लाल खुणेकडं सरकवली की गरम हवा, निळीकडं सरकवली की थंड. आमची लालवरच अडकून बसली होती. पंखा बंद ठेवला तरी पायाशी भट्टी. भिवंडीत हिटर कोणाला लागतो? सुगंधाला त्या गाडीत बसलं की घाबरं व्हायचं, दम लागायचा. गॅरेजवाला म्हणाला, पुढचं सगळं खोलावं लागेल. मी म्हटलं, राहू दे, मी बघतो. आणि बघतो म्हणजे काय, तर तेल घातलं. आम्हा लूमवाल्यांना एकच औषध माहीत. दाराची कडी अडली, घाल लूमचं तेल. शिलाई मशीन अडली, घाल तेल. "मी रुसले तर माझ्यावर पण वताल," ती म्हणायची. मी म्हणायचो, "तुला एवढ्याशा तेलानं काय व्हनार, डबा लागंल."

तिची थोरली बहीण वज्रेश्वरीला. यमुनाआक्का. पडल्यापासून तिला घराबाहेर पडता येत नाही. सुगंधा आधी बसनं जायची, मग गुडघ्यांमुळं तिला बसची पायरी चढवेना. दोघी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की ही गप्प बसायची. मुलगा म्हणाला, भाड्याची गाडी करून देतो. ही म्हणाली, "घरात गाडी असताना भाड्याच्या गाडीतून बहिणीच्या दारात उतरू काय?" एकदा बोलली की बोलली. म्हणून त्या दिवशी मी बॉनेट उघडलं.

दांडीपासून एक तार निघते, ती इंजिनाजवळच्या पाण्याच्या कॉकला जाते. तार हलली तर कॉक बंद होतो, गरम पाणी आत जायचं थांबतं. मी कॉकपाशी वाकलो, ती आत दांडी धरून बसली. मी ओरडलो, "डावीकडं ढकल!"

"डावीकडं म्हंजे तुमच्या का माझ्या?"

"अगो, गाडीच्या!"

"गाडीला काय माहीत डावं-उजवं? रंग सांगा."

"निळा!"

"मग आधीच सांगायचं न्हाय व्हय?"

पण दांडी काही हलेना. मग तीच उतरून पुढं आली, पदर खोचला, आणि तारेवरून बोट फिरवून माझ्या नाकासमोर धरलं. बोटावर काळा चिखल. कारखान्यातून कापसाचा तूस उडतो, दारात उभ्या गाडीवर बसतो. माझ्या तेलाला तो चिकटत गेला आणि त्याचा लगदा झाला. मी जितकं तेल घातलं तितकी तार जाम होत गेली. ती हसली नाही, नुसती बघत राहिली. ते हसण्यापेक्षा वाईट. मग जुना दातांचा ब्रश आणला, डिझेलमध्ये बुडवून तिनं तार पुसली, मी कॉक पुसून हातानं मागंपुढं केला. परत आत बसली. दांडी कुरकुरली आणि गेली निळ्याकडं. आम्ही गल्लीत एक फेरी मारली. पायाशी भट्टी नव्हती. तिनं तिथूनच आक्काला फोन लावला. "उद्या सकाळी येते गो. आमच्या गाडीतून. दारातच उतरते." फोन ठेवून मला म्हणाली, "आता ह्यात तेल घालू नका."

जेवून आडवी झाली. चहाला हाक मारली, उठली नाही... डॉक्टर म्हणाले, हार्ट. संध्याकाळी सगळं उरकलं.

वज्रेश्वरीला फोन केला तर भाचा म्हणाला, "काका, आईला इतक्यात न्हाय सांगत, तिला झेपनार न्हाय." मी म्हटलं, अरे, ती उद्या वाट बघत बसणार, तिला काय सांगणार? त्यानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी घेतली. माझा मोठा भाऊ दारात आडवा झाला. "हिरामण, सुतक हाय. कोनाच्या दारात जायचं न्हाय. लोक काय म्हनतील?"

मी म्हटलं, "दादा, तिनं येते म्हणून सांगितलंय."

तो बाजूला झाला. रस्ताभर ऊन होतं, काचा खाली होत्या, गाडी थंड होती. शेजारची सीट मी बघितली नाही. आक्काला तिच्या सुनेनं ओट्यावर खुर्चीत आणून बसवलं होतं, नवं लुगडं नेसवून. तिनंच हट्ट केला असणार. गाडी थांबली तशी ती वाकून पलीकडच्या दाराकडं बघू लागली. दार उघडेना, तशी म्हणाली, "उतरव तिला, गुडघं दुखतात तिचं."

मी उतरलो, तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "आक्का, मी एकटाच आलोय."